"मेर सारू नको" म्हणजे नेमकं काय? बांध, कुंपण आणि ती आडभिंत

पाटपाणी

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच महिने नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही नगर जिल्ह्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती. वडील सहा वर्षांपूर्वी गेले, आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. आईच्या नावावर सव्वा एकर आहे, शेजारी चुलत्यांचं रान. दरवर्षी नांगरट झाली की बांध एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडे सरकलेला असतो. वडील होते तेव्हा त्या बांधावरून बैल जायचा, आता माणसाला पाय तिरका टाकून चालावं लागतं. आई म्हणते जाऊ दे, आपल्याच माणसांशी काय भांडायचं.

तर गेल्या रविवारी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपदेशाला बायबलातलं नीतिसूत्रे २२:२८ घेतलं होतं, वाडवडिलांनी घातलेली जुनी मेर, म्हणजे शेताची हद्द, सारू नको. मी एकदम सरसावून बसले, कारण चुलते पुढच्याच बाकावर होते आणि मला वाटलं आज देव बोलणार. पण पाळकसाहेबांनी सांगितलं की मेर म्हणजे वाडवडिलांच्या चालीरीती, म्हणून आपल्या मुलांनी मंडळीबाहेर लग्न करायचं नाही, बायकांनी उपदेशाला उभं राहायचं नाही, बाहेरून येणाऱ्यांना लगेच जवळ करायचं नाही, ही सगळी मेर आहे. मागे एक कुटुंब बसलं होतं, चार महिन्यांपासून येतात, दुसऱ्या समाजातले आहेत, बाप्तिस्मा अजून झालेला नाही. ती बाई मान खाली घालून बसली होती आणि प्रार्थना व्हायच्या आत मुलांना घेऊन निघून गेली. मला राहवेना.

घरी येऊन इफिसकरांस २:१४ काढलं, तिथे तर ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असं लिहिलंय. मग एकीकडे मेर हलवू नको आणि दुसरीकडे भिंतच पाडली, हे दोन्ही एका शास्त्रात कसं? बांध राखायचा की पाडायचा? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी जरा नीट सांगा, कारण मला आईला काहीतरी सांगायचंय आणि त्या बाईलाही.

गडगाकर

ताई, आधी शब्दाचं सांगतो. मी सावंतवाडीकडचा, आमच्याकडे मेर हा शब्द अजून रोज तोंडात असतो, भातखाचराचा बांध म्हणजे मेर. पावसाआधी मेर चिखलाने लिंपायची, नाहीतर तुमचं पाणी खालच्या कोपऱ्यात जातं आणि खत पण त्याच्याबरोबर. म्हणजे मेर ही नुसती हद्द नाही, तिच्यामुळे पाणी राहतं म्हणून पीक येतं. शहरातल्या मुलांना हा शब्द माहीतच नाही, मग त्या वचनातून कोणी काहीही काढतो.

दुसरं म्हणजे सगळ्या प्रकारच्या कुंपणांना आपण एकच समजतो. आमच्याकडे बघा, मेर वेगळी, काट्याकुट्यांची वई वेगळी, चिऱ्याचा नाहीतर नुसत्या दगडावर दगड रचून केलेला गडगा वेगळा. शास्त्रातही तसंच आहे. शेताच्या हद्दीचा दगड वेगळा, द्राक्षमळ्याचं कुंपण वेगळं, नगराचा तट वेगळा, मेंढवाडा वेगळा. तुमच्या पाळकसाहेबांनी हद्दीच्या दगडाचं वचन घेऊन त्याचा तट केला असं मला वाटतं.

उपदेशक १०:८ मध्ये आहे की जो कुंपण मोडतो त्याला साप चावतो. लहानपणी मला वाटायचं हा देवाचा चमत्कार असेल, पण आमच्या गडग्याच्या भोकात फुरसं असतं, बिनचुन्याचा गडगा म्हणजे सापाचं घरच. इस्राएलातही शेताच्या भिंती बिनचुन्याच्याच असायच्या, शेतातले दगड वेचून रचलेल्या. लिहिणाऱ्याने ते डोळ्यांनी बघितलेलं होतं. रात्री दुसऱ्याच्या कुंपणात हात घालणाऱ्याला ते बरोब्बर कळलं असणार.

हस्तलिखित

धागा वाचून राहवलं नाही, ऑफिसातून लिहितोय, घाईत आहे.

पाटपाणीताई, २२:२८ एकटं वाचू नका, पुढचंच पान उलटा, २३:१० आणि ११. तिथे तेच वाक्य परत येतं पण पुढे जोड आहे, पोरक्यांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा सोडवणारा बलवान आहे, तो तुझ्याविरुद्ध त्यांचा वाद चालवील. सोडवणारा यासाठी हिब्रूत गोएल शब्द आहे, म्हणजे कुळातला तो जवळचा माणूस ज्याने गेलेली जमीन सोडवून आणायची असते, रूथच्या गोष्टीत बवाज करतो तेच. ज्या घरात असा माणूस उरलेला नाही तिथे देव स्वतः गोएल म्हणून उभा राहतो. १५:२५ त्याहून सरळ आहे, गर्विष्ठाचं घर परमेश्वर पाडतो पण विधवेची मेर तो कायम करतो. तुमच्या आईसाठी याहून स्पष्ट काय हवं?

अनुवाद २७ पण बघा. लोक एबाल आणि गरिज्जीम डोंगरांवर उभे, लेवी, म्हणजे देवसेवेचं कुळ, मोठ्याने एकेक शाप वाचणार आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. बारा शाप आहेत त्यातला तिसरा शेजाऱ्याची मेर सारणाऱ्याला. त्याच्या लगेच पुढचा आंधळ्याला वाटेवरून चुकवणाऱ्याला, त्याच्या पुढचा परदेशी, पोरका आणि विधवा यांचा न्याय विपरीत करणाऱ्याला. परदेशी हा शब्द लक्षात घ्या, मागच्या बाकावरची बाई त्याच यादीत आहे. यातली बरीच पापं अशी आहेत की साक्षीदार सापडत नाही. एका वर्षात एक तास सरकलं तर कोण शपथेवर सांगणार? म्हणून तर सगळ्या लोकांकडून आमेन वदवून घेतलंय.

आणि ही गोष्ट फक्त इस्राएलाची नाही. इजिप्तमध्ये आमेनेमोपे नावाच्या लेखकाचा उपदेश सापडलाय, नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायाशी त्याचं इतकं साम्य आहे की अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवून वाचतात, त्यातही विधवेच्या शेताची हद्द ओलांडू नको असं आहे. आपल्याकडे शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, बघितले असतील कोकणात, वर चंद्र सूर्य आणि खाली ते गाढवाचं ओंगळ शिल्प, दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला ती शिवी. भाषा वेगळी, देव वेगळा, पण जमिनीच्या बाबतीत माणसाची भीती आणि माणसाचा लोभ सगळीकडे सारखाच.

पाळकसाहेबांच्या बाजूनेही एक सांगतो म्हणजे अन्याय नको. मेर म्हणजे पूर्वजांची शिकवण हा अर्थ त्यांनी काल काढलेला नाही. आठव्या शतकात दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने मूर्तिभंजकांविरुद्ध, म्हणजे चर्चमधली पवित्र चित्रं काढून टाकणाऱ्यांविरुद्ध, लिहिताना याच वचनाचा आधार घेतला होता. त्यामुळे उपमा म्हणून चालेल. पण उपमा घेताना मूळ शेतच हरवलं आणि शेत हरवलेली विधवा समोर बसलेली असताना हरवलं, हे मात्र मला फार लागलं.

वचनप्रेमी

जय ख्रिस्त. माझं मत थोडं वेगळं आहे, कोणी राग मानू नये.

कुंपण नको असं म्हणणं सोपं आहे हो. पण ईयोबाभोवती देवाने स्वतः कुंपण घातलं होतं आणि ते सैतानाला खुपत होतं, १:१० वाचा. यशया ५ मध्ये देव आपल्या द्राक्षमळ्याला शिक्षा करतो ती कशी, तर कुंपण काढून घेतो, भिंत पाडतो, मग जनावरं चरतात आणि तुडवतात. म्हणजे कुंपण जाणं हा शाप आहे. नहेम्याने बावन्न दिवसांत यरुशलेमचा तट बांधला, कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, आजही वाचताना अंगावर काटा येतो. आज मंडळीत कोणी काहीही शिकवतो, मुलं मोबाईलवर कुठले कुठले उपदेशक बघतात, अशा वेळी पाळकाने मर्यादा सांगितली तर त्यात चुकलं काय? मर्यादा नसलेल्या घराची काय अवस्था होते ते मी माझ्या सख्ख्या भावाच्या घरात बघितलंय, दारूने सगळं गेलं. वेळीच कोणीतरी कुंपण घातलं असतं तर.

विधवेच्या जमिनीबद्दल मात्र पूर्ण सहमत. ते पाप आहेच.

सुधामाई

वचनप्रेमी दादा, भावाचं वाचून वाईट वाटलं. घरात कुंपण लागतंच, मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, मला ते माहीत आहे. पण यशया ५ तुम्ही सातव्या वचनावर थांबवलंत. आठवं वाचा ना. घराला घर आणि शेताला शेत जोडत जातात, इतकं की दुसऱ्याला जागाच उरत नाही, त्यांना धिक्कार असो. देवाने द्राक्षमळ्याचं कुंपण का काढलं याचं उत्तर तिथेच लागून आहे. ज्यांनी दुसऱ्याचे बांध कोरले त्यांचंच कुंपण त्याने काढलं. होशेय ५:१० मध्ये तर यहूदाच्या सरदारांनाच मेर सारणारे म्हटलंय. आपल्याकडे म्हणतात ना कुंपणानेच शेत खाल्लं, तसं.

आणि नाबोथ विसरू नका. १ राजे २१. अहाब राजा चांगला भाव देत होता, बदली जमीनही देत होता, पण नाबोथ म्हणाला हे माझ्या वाडवडिलांचं वतन आहे, मी देणार नाही. आपल्या मराठी शास्त्रात वतन हाच शब्द आहे, तो वाचला की मला माझे आजोबा आठवतात. मग राणी ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवला आणि जमीन घेतली. कागदोपत्री सगळं व्यवस्थित हो! पण एलिया संदेष्टा तिथेच त्या मळ्यात जाऊन उभा राहिला.

पाटपाणी बाळा, आता तुझ्यासाठी. गणना २७ वाचलंस का? सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप गेला, भाऊ नाही, तुमच्यासारखंच. त्या मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं, आम्हाला वतन द्या. मोशेने ते देवापुढे नेलं आणि देव म्हणाला त्या बरोबर बोलतात. पाचही जणींची नावं शास्त्रात लिहून ठेवलीत. आपल्याच माणसांशी भांडण नको हे आईचं मी समजू शकते, मीही तरुणपणी विधवा झाले. पण त्या पाच जणीही आपल्याच माणसांपुढे उभ्या राहिल्या होत्या, आणि त्याला शास्त्रात कोणी भांडण म्हटलेलं नाही. हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात कर, सातबारा बरोबर ने, आणि मोजणीच्या दिवशी दोघी बहिणी जातीने उभ्या राहा. क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की बोलायला सोपं जातं.

आणखी एक, मला ही फार आवडणारी गोष्ट आहे. लेवीय १९:९. पीक कापताना शेताचे कोपरे, कडा पूर्ण कापू नको, गरीब आणि परदेशी यांच्यासाठी सोड. म्हणजे मेरेच्या अगदी आतली पट्टी तुझी असून तुझी नाही. रूथ मवाबी होती, परकी, पुढे दावीद राजाची पणजी झालेली, ती अशाच शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचताना बवाजाला दिसली. हद्द पक्की, पण हद्दीलगतचं धान्य बाहेरच्या माणसाचं. माझ्या लेखी बांध म्हणजे हे.

हस्तलिखित

सुधामाई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय.

आता इफिसचा भाग, कारण ताईंचा मूळ प्रश्न तो होता. यरुशलेमच्या मंदिरात बाहेरच्या अंगणात कोणीही येऊ शकत होतं, परराष्ट्रीय म्हणजे यहूदी नसलेलेसुद्धा. पण आतल्या अंगणाआधी एक दगडी कठडा होता, योसेफस हा त्या काळचा यहूदी इतिहासकार लिहितो की तो तीन हात उंच होता आणि त्यावर ठिकठिकाणी ग्रीक आणि लॅटिनमध्ये पाट्या होत्या. त्यातली एक अख्खी पाटी १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला यरुशलेमात सापडली, आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. १९३५ मध्ये दुसरीचा तुकडा मिळाला. मजकूर असा की परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, जो पकडला जाईल त्याच्या मरणाला तो स्वतःच जबाबदार.

आता प्रेषितांची कृत्ये २१ वाचा. पौलाला मंदिरात धरून मारायला उठतात तो आरोप काय, तर त्याने ग्रीक लोकांना मंदिरात आणलं. आणि त्यांना ज्याचा संशय आला तो माणूस कोण? त्रफिम. कुठला? इफिसकर! त्या कठड्यापायी पौल कैदेत गेला आणि इफिसकरांस पत्रातच ३:१ मध्ये तो स्वतःला तुम्हा परराष्ट्रीयांसाठी बंदिवान म्हणवतो. ज्या गावच्या माणसावरून दंगा झाला त्या गावाला आडभिंत पाडली हे पत्र जातं. काही अभ्यासक म्हणतात २:१४ मध्ये दगडी कठडा अभिप्रेत नसून नियमशास्त्राचं कुंपण आहे, कारण १५ व्या वचनात आज्ञा आणि विधी यांचंच नाव घेतलंय. मला दोन्ही एकच वाटतं, कठडा हा त्या नियमाचंच दगडातलं रूप होता.

आणि यातला ग्रीक शब्द बघा, फ्राग्मोस. म्हणजे कुंपण. इफिस २:१४ मध्ये तो आहे, मार्क १२:१ मध्ये द्राक्षमळ्याच्या कुंपणाला तोच आहे, आणि लूक १४:२३ मध्येही तोच. लूकचा दाखला आठवतो ना, मोठं जेवण, बोलावलेले कोणी आले नाहीत, एकाने शेत घेतलं एकाने बैल घेतले, मग धनी म्हणतो रस्त्यांवर आणि कुंपणांपाशी जा आणि तिथल्या लोकांना आग्रहाने आत आण. मळ्यात जागा नाही, गावात घर नाही, अशी माणसं कुंपणाच्या आडोशाला पडलेली असायची. आणि न आलेल्यांपैकी पहिल्याचं कारण काय होतं, नवीन घेतलेलं शेत बघायला जायचंय!

त्यामुळे माझं उत्तर असं की देवाने घातलेली मेर कोणाच्या पोटासाठी आहे ते आधी बघायचं. विधवेच्या सव्वा एकराची मेर तो राखतो. देवापाशी येणाऱ्या माणसाला अडवणारा कठडा त्याने आपल्या देहाने पाडला, आणि इब्री १३:१२ प्रमाणे तो स्वतः वेशीबाहेर मेला. तुमच्या मंडळीत त्या रविवारी याच्या बरोबर उलट झालं. पाडलेली भिंत परत रचली आणि राखायची मेर तशीच सोडली.

गडगाकर

हे वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो.

वचनप्रेमींच्या मुद्द्यावर एक सांगायचंय. योहान १० मध्ये मेंढवाडा आहे, म्हणजे कुंपण आहेच, लांडगा आहेच, चोर आहेच. धनगर आमच्या घाटमाथ्यावर रात्री वाघर लावतात ना, जाळी, तिच्याशिवाय एक रात्र निघणार नाही. पण येशू स्वतःला भिंत म्हणत नाही, दार म्हणतो. आणि सोळाव्या वचनात म्हणतो की या मेंढवाड्यातली नसलेली दुसरी मेंढरंही माझी आहेत. आमच्या वईला पण बेडं असतं, जाण्यायेण्याची जागा, बेडं नसलेली वई कोणी घालत नाही, मग स्वतः आत कसा जाणार. प्रकटीकरण २१ मधल्या नगरालाही तट आहे, एकशे चव्वेचाळीस हात, पण बारा वेशी आणि त्या दिवसा कधी बंद होणार नाहीत, आणि रात्र तर तिथे नाहीच. दादा, तुमच्या भावाच्या घराला कुंपण हवं होतं हे खरं. त्या बाईला मात्र दार हवं होतं.

वचनप्रेमी

गडगाकर, दाराचं पटलं. मी त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं नव्हतं. भावाच्या वेळी आमच्या मंडळीतलं कोणी त्याच्या घरी गेलं नव्हतं हेही आठवलं, मीसुद्धा नाही.

पाटपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. नाबोथाच्या वेळी ती काही बोलली नाही. १५:२५ वाचलं, विधवेची मेर, तेव्हा म्हणाली परत वाच. मी तीनदा वाचलं. मग ती उठली आणि ट्रंकेतून वडिलांच्या हातचा जुना नकाशा काढून आणला, मला माहीतच नव्हतं तिने तो जपून ठेवलाय, त्यावर बांधावरची बाभूळ आणि हद्दीचा दगड दाखवलाय. बाभूळ तोडलीय पण खोड असेल म्हणाली. सोमवारी अर्जाला जातोय, बहीण पुण्याहून येतेय.

चुलत्यांना आधी घरी जाऊन सांगायचं ठरवलंय, आईचा आग्रह आहे की मोजणीची नोटीस त्यांना पोस्टाने कळायला नको, आपण तोंडाने सांगायचं.

त्या बाईकडेही जाऊन आले. त्यांच्या घरी शास्त्र नाहीये, मोबाईलवर वाचतात. लूक १४ मी वाचून दाखवलं, कुंपणापाशीच्या लोकांचं. त्यांनी विचारलं की त्या जेवणाला आत आणलेल्या लोकांना बसायला कुठे दिलं, मागे की पुढे? सुधामाई, हस्तलिखित, याचं उत्तर शास्त्रात कुठे आहे का?

सुधामाई

त्याच अध्यायात वर बघ, लूक १४:१०. शेवटच्या जागी बसलेल्याला यजमान म्हणतो, मित्रा, वर येऊन बस. रविवारी तू तिच्या शेजारी बस, पुढच्या बाकावर.